एकोणिसावं नाव

"साहेब, घडी आधी येत होती," डोमा म्हणाला.

वर्गीसने मान वर केली नाही. कॉम्प्युटर कंपनीचा हा इंजिनियर कालपासून नागपूरहून येऊन बसला होता आणि एसीच्या गारव्यातही त्याच्या शर्टाच्या बगला ओल्या झाल्या होत्या. पुठ्ठा मिलचा कॉम्प्युटर सुरू होता होता मध्येच अडकत होता. पडद्यावर एक ओळ यायची, दुसरी यायची आणि मग अडेल बैल बसावा तसं सगळं बसून जायचं. काल त्याने मशीनमध्ये एक नवीन कार्ड बसवलं होतं, गेटवरची हजेरी सरळ मशीनला जोडायला. तेव्हापासून ही रड सुरू होती.

"कौनसी घडी?"

"मशीनमंदली जी. क्लॉक. थे दररोज दुसऱ्या नंबरावर येते. आज दुसऱ्या नंबरावर तुमचं नवीन कार्ड आलं, आन् घडी आलीच नाई."

डोमाने वही पुढे केली. दोनशे पानी वही, तिला मिलच्याच पुठ्ठ्याचं कव्हर. प्रत्येक पानावर तारीख आणि त्याखाली मशीन सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या ओळी, आल्या त्या क्रमाने उतरवलेल्या. अकरा महिने रोज. त्याला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाची ही खोड. गेटातून माणसं आत येतात तसे मशीनचे भाग एकामागून एक कामावर येतात असं त्याने धरलं होतं, आणि तो त्यांची हजेरी मांडत होता.

वर्गीसने पानं उलटली. मग त्याने कपाळावर हात मारला.

"अरे बाप रे. डोमाजी, इधर बैठो. सांगतो तुम्हाला." तो खुर्ची फिरवून बसला. "मशीन जागी होते तेव्हा आत काहीच नसतं. फक्त एक कर्नेल असतो. मुकादम समजा. तो एकेकाला हाक मारतो. पहले मेमरी. मेमरी नाही तर बाकीचे उभे कुठे राहणार? मग घडी. मग डिस्क, डिस्कनंतर फायली. ज्याला दुसऱ्याची गरज, तो दुसऱ्याच्या मागे. समझे?"

"हाव जी."

"आता हे नवीन कार्ड. ते उठल्यावर घडीला विचारतं, जरा दोन टिकटिक मोज. पण मी यादीत त्याचं नाव घडीच्या वर टाकलं. घडीला अजून हाकच मारली नाही, तर ती मोजणार काय? कार्ड बसलं वाट बघत. आणि एकाचं झाल्याशिवाय मुकादम दुसऱ्याला बोलवत नाही. खतम."

डोमाने थोडा विचार केला. "आन् टेप आन् प्रिंटर? त्याईले त एकमेकाची काई गरज नाई."

"नाही. ते दोघे एकाच बाकावरचे."

"मंग टेप आधी काऊन येते?"

"यादीत तिचं नाव वर आहे म्हणून. बस. उसमें कोई लॉजिक नहीं. ज्याने यादी बनवली त्याने जे नाव आधी लिहिलं, ते आधी. जनमभर."

वर्गीसने एक ओळ खाली घेतली. नव्या यादीसकट कर्नेल पुन्हा बांधायला अर्धा तास लागला, तेवढ्यात दोघांनी चहा घेतला. मग मशीन सुरू झाली. मेमरी आली, घडी आली, तिच्या मागून गेटचं कार्ड आलं, सगळे आले. वर्गीसने डोमाच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही तर इंजिनियर व्हायला पाहिजे होतं." असल्या कौतुकाला पैसा पडत नाही, पण डोमाला ते दोन दिवस पुरलं.

"मी बी एकदा यादी लिवली होती साहेब," तो म्हणाला. पण वर्गीसला बल्लारपूरहून गाडी पकडायची होती, त्याने काही ते ऐकलं नाही.

ती यादी अशी.

बहात्तर सालच्या जानेवारीत वर्धा नदीकाठच्या या मिलमध्ये आणखी एकोणीस मजूर घ्यायचे ठरले. ही बातमी डोमाला आणली ती इतवारी पचारेने. इतवारी नदीपलीकडच्या गावचा, ढिवराचा पोरगा. दोघं राजुऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. एक बौद्धवाड्यातला, एक ढिवरपुऱ्यातला, पण डबा एक. इतवारी म्हणाला, "उद्या आमच्या तलावाची मच्छी काढाची हाय, बाप सोडनार नाई. तू आधी जा, माह्यासाठी जागा धर." आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला.

डोमा उजाडायच्या आत गेटवर पोचला. सगळ्यांत पहिला. आपल्या मागे त्याने दुपट्ट्याची घडी ठेवली, वर दगड ठेवला. त्या दगडामागे रांग लागत गेली. हरिदास म्हणून एकजण तिसरा आला, तो भांडला. "दुपट्टा काय बांबू उचलनार हाय का बे मिलमंदी?" लोक हसले. हसले म्हणून दुपट्टा राहिला. इतवारी आला तेव्हा अकरा वाजून गेले होते, अंगाला माशांचा वास मारत होता, आणि सतरा जणांना ओलांडून तो आपल्या दुपट्ट्यावर जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात बाबू बाहेर आला. अक्षर कोणाचं चांगलं, त्याने विचारलं. डोमाने हात वर केला. त्याच्या हाती कागद आणि पेन आला आणि त्याने नावं लिहिली. स्वतःपासून सुरुवात करायला हवी होती, पहिला तोच होता. पण लिहिणाऱ्याने आपलं नाव शेवटी लिहावं, अशी आपल्याकडे रीत आहे. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, तसंच हे. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. महारवाड्यातल्या पोराने पेन हाती येताच आपलं नाव वर घातलं, असं अठरा तोंडांनी म्हटलं असतं. ते त्याला ऐकायचं नव्हतं. म्हणून इतवारी एक, हरिदास दोन, असं करत करत बिरजू मडावी अठरा. एकोणीस नंबरला त्याने आपलं नाव लिहिलं. डोमा नारायण निमगडे. अक्षर सुरेख होतं. बाबूने कागद पाहिला आणि त्याला टाइम ऑफिसातच ठेवून घेतलं.

पंधरा वर्षं तो तिथे होता. हजेरी मांडायची, ओव्हरटाइम काढायचा, रजेचे अर्ज लावायचे, आणि आता कॉम्प्युटर चालवायचा. कागदावर मात्र तो मजूरच राहिला. पद बदलायचा अर्ज त्याने चारदा दिला. चारही अर्ज त्यानेच फायलीला लावले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पर्सोनेल ऑफिसर टेंभेकर साहेब स्वतः एसीच्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. सभ्य माणूस. शिपायालाही अहो म्हणायचा.

"निमगडे, एक यादी काढून द्या. सगळे मजूर, सेवाज्येष्ठतेप्रमाणे. एटापल्लीकडचा बांबू कमी झालाय, तुम्हाला माहीतच आहे. एक्केचाळीस माणसं कमी करायचा हेड ऑफिसचा हुकूम आहे. शेवटी आलेला आधी जाईल, कायदाच आहे तसा."

"आन् एकाच दिवशी लागलेले असन त?"

"पहिल्या हजेरीपटावरचा क्रम."

डोमाने यादी काढली. मशीनने तारखा लावल्या. एका तारखेचे लोक तिने जसे भरले होते तसेच ठेवले, आणि ते भरले होते गेल्या वर्षी डोमानेच, जुना पट समोर ठेवून. प्रिंटर करकरत राहिला. डोमाने कागद फाडला आणि खालून मोजायला सुरुवात केली. बहात्तरच्या त्या भरतीनंतर लागलेले चाळीस निघाले. एक्केचाळिसावा तो स्वतः होता.

त्याने पुन्हा मोजलं, यावेळी पेन्सिलीचं टोक टेकवत टेकवत. मग कागद टेंभेकर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि संध्याकाळी तो बोर्डावर लागला. सात दिवस राहणार होता. कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत द्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला, ऑफिस जेवायला गेलं आणि डोमा मशीनसमोर एकटा राहिला. एक ओळ वर घेतली, बस. वर्गीस हेच करून गेला होता. अंतिम कागद सात दिवसांनी याच मशीनमधून निघणार होता, आणि हजारभर नावांत एक ओळ सरकलेली कोण पाहणार? त्याने फाइल उघडली. आपली ओळ उचलली आणि बिरजूच्या वर ठेवली. पडद्यावर काही झालं नाही. अठरा: डोमा. एकोणीस: बिरजू.

बिरजू चिपरवर होता, बांबूचे तुकडे करणाऱ्या मशीनवर. उजव्या हाताची दोन बोटं त्याने त्या चिपरला दिली होती. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशीची त्याची हजेरी डोमाने मांडली होती. अर्धा दिवस. सकाळी अकराला दवाखान्यात नेलं, म्हणून अर्धा दिवस. नियमच तसा होता आणि त्यावेळी डोमाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की डबा तसाच राहिला. त्याने ओळ पुन्हा खाली घेतली.

घरी कमला तांदूळ निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. मिलचं क्वार्टर, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. कमलाने सूप बाजूला ठेवलं.

"कोन लिवली होती थे यादी?"

"मीच."

"बाबासाहेबांनं हाती पेन देल्ला, आन् तुमी त्या पेनानं आपलंच नाव खाली लिवलं?"

डोमा सुपातले खडे वेचू लागला.

"असे गप नोका बसू," ती म्हणाली. "पहिले तुमी होते का नोयते?"

"होतो."

"मंग साहेबाले सांगा. अठरा जनाईनं पाह्यलं हाय. बाकीचे जाऊ द्या, इतवारीभाऊ त हाय. त्याईच्या दुपट्ट्याले तुमी जागा धरली, ते तुमाले नाई धरनार का?"

हे डोमाला पटलं. खरा क्रम मांडला तर तो पहिला, इतवारी दुसरा, आणि सगळे एकेक खाली. मग जायचा असेल तो नियमाने जाईल, आपण कोणाची ओळ चोरली असं होणार नाही. बिरजूचं काय, हा विचार आला, पण तो त्याने फार वेळ राहू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हरकतीचा अर्ज लिहिला. संध्याकाळी पंपहाऊसवर जाऊन इतवारीला भेटला. इतवारी तिथे पंप चालवायचा, आणि पंधरा वर्षं दोघं सुट्टी झाल्यावर त्याच पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे.

"अबे, हे काय सांगाची गोष्ट हाय का?" इतवारी म्हणाला. "मी हावो ना. बिलकुल चिंता करू नोको. साहेबापुढं मी सांगतो."

डोमाचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तो व्यवस्थित जेवला.

सहाव्या दिवशी टेंभेकर साहेबांनी बहात्तरच्या सगळ्या माणसांना बोलावलं. अठरा जण व्हरांड्यात उभे होते, डोमा जरा बाजूला. मोहफुलांचे दिवस, कोणाच्या तरी अंगाला तो वास होता. हरिदासला गप्प राहवत नसे. तो आता फोरमनच्या हाताखाली होता आणि त्याच्या आवाजात ते दिसायचं.

"इतवारी, एक सांग बे. डोमाचा नंबर पहिला, मानलं. मंग तुहा कितवा?"

"दुसरा."

"कसा दुसरा? दुसरा त दुपट्टा होता. तू आला अकरा वाजता, सर्व्याईच्या मांगून. साहेब दुपट्ट्याले थोडी नोकरी देनार हाय!"

दोघंतिघं हसले. पंधरा वर्षांपूर्वी हसले होते तसेच. इतवारी हसला नाही. तो डोमाकडे बघायचं टाळू लागला, आणि डोमाला तेव्हा कुठे कळलं की आपण काय करून बसलो. यादी उघडली तर इतवारी पहिल्यावरून सरळ एकोणिसावर जाणार होता. आपला साक्षीदार म्हणून त्याने जो माणूस आणला, त्यालाच तो खड्ड्यात ढकलत होता. एवढी साधी गोष्ट. मशीनच्या आतलं कोण कोणावर टेकून आहे हे त्याला दिसलं होतं, ही मात्र दिसली नव्हती.

आत टेंभेकर साहेबांनी जुना पट टेबलावर काढून ठेवला होता. कागद पिवळा पडला होता, अक्षर अजून सुरेख होतं.

"श्री. निमगडे यांचं म्हणणं आहे की त्या दिवशी रांगेत पहिले ते होते. नाव त्यांनी स्वतः शेवटी लिहिलं. तुमच्यापैकी कोणाला आठवतं?"

छताचा पंखा फिरत होता.

"हरिदास?"

"याद नाई जी. पंधरा वर्सं झाले."

"बिरजू?"

बिरजूने उजवा हात मागे घेतला. "याद नाई साहेब."

मग साहेबांनी बाकीच्यांना एकेक करून विचारलं, यादीतल्या क्रमाने, कारण समोर तोच कागद होता. याद नाई. याद नाई जी. एकाने सांगितलं, आपल्याला तेव्हा ताप होता. ज्या पटाच्या अक्षरावर पंधरा वर्षं त्यांचे पगार झाले, त्या पटाच्या पलीकडचं त्यांना काही आठवत नव्हतं. इतवारीचा नंबर खरं तर पहिला, पण साहेबांनी त्याला मुद्दाम शेवटी ठेवलं.

"पचारे, इथे तुमचं नाव एक नंबरला आहे. म्हणजे पहिले कोण होतं?"

इतवारीने डोमाच्या चपलांकडे पाहिलं.

"मीच होतो जी," तो म्हणाला. "पहिला मीच."

याद नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. बाकीचे तेच म्हणाले होते. पण त्याला तेवढं पुरेसं वाटलं नसावं. भीती माणसाकडून गरजेपेक्षा जास्त करून घेते. डोमाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. त्या क्षणी त्याला इतवारीचा गळा धरावासा वाटला, आणि तोंडात एक वाक्य तयार होतं: साहेब, याले विचारा, त्या दिवशी हा कितव्या नंबरावर आला. एवढंच म्हणायचं होतं. सतरा जणांना ते लगेच आठवलं असतं, कारण त्यात त्यांचं काही जाणार नव्हतं.

"निमगडे, तुम्हाला काही म्हणायचंय?"

डोमाने इतवारीच्या खांद्याकडे पाहिलं. दुपट्टा होता. तो जुना नव्हे, दुसरा. पण जागा धरली होती ती त्यानेच, कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि धरून दिलेली जागा मागून परत घ्यायची असते हे त्याला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

"नाई जी," तो म्हणाला. "यादी बरोबर हाय."

"मग इथे सही करा. हरकत मागे घेतली म्हणून."

त्याने सही केली.

"आणखी एक." साहेबांचा आवाज अगदी मऊ होता. "टाइम ऑफिसातली खुर्ची आता रिकामी होईल. ती जागा बहात्तरच्या भरतीतली, आणि त्या दिवशीच्या लोकांत सीनियर पचारे. सातवी पास आहेत. नियमाने पहिला हक्क त्यांचा. तुम्ही त्यांना मशीन शिकवून द्या. तीन दिवसांत होईल ना?"

"होईन जी," डोमा म्हणाला.

कमलाला त्याने एवढंच सांगितलं की कोणाला याद नाही. इतवारी काय म्हणाला ते सांगितलं नाही. तिने विचारलं, "इतवारीभाऊले बी?" तो म्हणाला, "त्याले बी." आणि हातपाय धुवायला मोरीवर गेला. तिथे त्याने बराच वेळ लावला.

तीन दिवस इतवारी एसीच्या खोलीत त्याच्या शेजारी बसला. गुडघे जवळ घेऊन, दवाखान्यात बसतात तसा. डोमा सांगायचा आणि तो पेन्सिलने लिहायचा. "आधी स्टॅबिलायझर. मंग एसी. वीस मिनिटं थांबाचं, घाई नाई कराची. मंग डिस्कची पेटी, तिचा आवाज एकसारखा झाला का मंग मशीन. प्रिंटर सर्व्यात शेवटी."

"मशीन आधी लावली त?"

"त डिस्क सापडनार नाई तिले. अडकून बसन."

इतवारी लिहीत होता. अक्षर गिचमिड. दुसऱ्या दिवशी मध्येच थांबून तो म्हणाला, "डोमा, मले त्या वक्ती दुसरं काई बोलताच नाई आलं बे."

"लिव," डोमा म्हणाला. "आता पडद्यावर ओळी येतीन. पहिली मेमरी येते. तिच्याशिवाय बाकीचे उभेच नाई राहत."

यातली एक ओळ त्याने खालीवर सांगितली असती तरी सोमवारी सकाळी मशीन बसली असती. साहेबांना घाम फुटला असता आणि इतवारी दोन दिवसांत पंपावर परत गेला असता. हे डोमाच्या मनात आलं. आलंच, तो काही देवमाणूस नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते मनात होतं. पण चुकीचा क्रम लिहून द्यायला त्याचा हात तयार नव्हता, हातालाच ती सवय नव्हती. त्याने सगळं बरोबर सांगितलं. नवीन कार्ड अडकलं तर नागपूरला काय कळवायचं तेही सांगितलं. शेवटी इतवारी म्हणाला, "थे वही देतो का? तुह्या काई कामाची नाई आता." डोमाने वही दिली. पुठ्ठ्याच्या कव्हरसकट.

निघायच्या दिवशी सकाळी शेवटचं काम होतं कमी केलेल्या माणसांची नोटीस काढायचं. डोमाने मशीन सुरू केली. मेमरी आली, घडी आली, गेटचं कार्ड, डिस्क, फायली, टेप, प्रिंटर. ज्याने त्याने आपल्या नंबरावर ओ दिली. मग त्याने नोटीस काढली. एक्केचाळीस नावं, सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने. जाणाऱ्यांत सगळ्यांत जुना तोच, म्हणून त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. अनुक्रमांक एक. त्याने त्या ओळीकडे जरा पाहिलं. आयुष्यात कुठल्याही कागदावर त्याचं नाव पहिलं आलं नव्हतं, शाळेच्या पटावरसुद्धा नाही. कागद त्याने स्वतः बोर्डावर नेला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या.

चार वाजता गेटवर बिल्ले परत द्यायचे होते. पितळी गोल बिल्ला, त्यावर नंबर ठोकलेला. एक्केचाळीस माणसं उन्हात उभी होती, नोटिशीतल्या क्रमाने, गेटवाल्याने तशीच लावली होती. बांबूचा एक ट्रक आत यायला अडून राहिला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

डोमाने मागे वळून पाहिलं. इथून एसीच्या खोलीची काच दिसायची. आत कोणी नव्हतं. इतवारी पंपाचा चार्ज देऊन यायला गेला असावा. जाण्याआधी त्याने खुर्चीवर आपला दुपट्टा घडी करून ठेवला होता.

"एक नंबर!" गेटवाला कागदात पाहून ओरडला. हा नवीन होता, याच महिन्याच्या कंत्राटावरचा, नावाने कोणाला ओळखत नव्हता. "डोमा नारायण निमगडे. पहिले तुमीच काय जी?"

डोमा पुढे झाला. बिल्ला त्याने खिशातून काढला, सवयीने सदऱ्याला पुसला आणि टेबलावर ठेवला.

"हाव," तो म्हणाला. "पहिला मीच."

गेटवाल्याने त्याच्या नावापुढे खूण केली आणि दुसऱ्याला हाक मारली.